विसाव्या विहिरीचं पाणी

अक्काला नाकारणाऱ्या बाईला तळ्यावर मीच घेऊन गेले, आणि गेले ती सूड उगवायलाच. आता वय झालं म्हणून हे झाकून ठेवणार नाही.

बाई मूळच्या पुण्याच्या, नवऱ्याच्या बदलीमुळे मद्रासला आलेल्या. मुलासाठी माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला त्या आमच्याकडे कुंभकोणमला आल्या होत्या. अक्का घरच्या जुन्या तंजावरी मराठीत चार वाक्यं बोलली आणि बाई तोंडाला पदर लावून हसल्या. "ही काय बखरीतून उठून आली?" नकार कळवला तो कळवलाच, वर मद्रासच्या मराठी घरांतून अक्काची नक्कल करून दाखवली. पुढे दोन स्थळं बोलणी अर्धवट टाकून फिरली. अक्का सव्वीस वर्षांची झाली.

आणि छप्पन साली ह्याच बाई गुडघे धरून आमच्या दारात! डॉक्टर झाले, वैद्य झाले, आता महामहाच्या तळ्याचं पाणी. बारा वर्षांनी भरणारा महामहाचा मेळा नुकताच संपला होता. तळ्यातलं पाणी उतरवल्यामुळे तळाशी खोदलेल्या वीसही विहिरी मोकळ्या होत्या. आईनं बाईंना गरम इडल्या वाढल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्या घरची रीत अशी, की दुखणाऱ्यानं प्रत्येक विहिरीपाशी आपलं दुखणं पाण्याला मोठ्यानं सांगायचं, आणि त्याच्या अंगावर पाणी ओतायचं ते घरातल्या थोरल्या कुमारिकेनं. म्हणजे अक्कानं. बाईंना ह्यात काही अवघड वाटलं नाही.

तळ्यावर मी माझी एक रीत त्यात घुसडली. "मामी, हेथल्या पाण्यास पुण्याचें बोलणें कळेना. मी सांगतें तसें सांगा. पाण्या, मज गुडघे फार दुखताहेत, बरे करीं."

बाईंनी पुटपुटल्यासारखं म्हटलं.

"मोठ्यानें, मामी."

मग त्या ओरडून सांगू लागल्या. अंघोळीला आलेली माणसं वळून बघत होती. मी प्रत्येक विहिरीपाशी त्यांचे उच्चार सुधारत होते. बाराव्या विहिरीपर्यंत त्यांचा आवाज बसला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! अक्का खाली मान घालून बादली ओढत होती, ओतत होती.

शेवटच्या विहिरीपाशी मी हद्दच केली. "येथें दुखणें नाही सांगायाचें. आपण कोणाचें वाईट केलें तें सांगायाचें. त्याविना गुण नाही."

बाई विचारात पडल्या. ओल्या लुगड्यात डोळे मिटून बराच वेळ आठवत राहिल्या. भरलेली बादली घेऊन अक्का त्यांच्या पुढ्यात उभी होती.

बाईंनी डोळे उघडले, अक्काच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी जन्मात कुणाचं वाईट केलेलं नाही गं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. तेच मला सहन होईना. एवढा वेळ चालवलेला माझा खेळ एकाएकी पोरकट वाटला.

अक्कानं बादली पायरीवर उपडी केली. "मग तुम्हांस हें पाणि नको, मामी," ती शांतपणे म्हणाली आणि चालू लागली.

"अगं, पण वीस पुऱ्या व्हायला हव्यात ना?" बाई मागून हाका मारत राहिल्या. बादली त्यांनी स्वतः उचलून पाहिली, पण विहिरीवर वाकवेना. मग त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

अक्का पायऱ्या चढून वर पोचली होती. मी बाईंच्या हातातून रिकामी बादली काढून घेतली आणि तिच्या मागोमाग गेले. मला दया आली नाही. आजही येत नाही.