झाकणाचा वास

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे त्या एका वर्षाने मला तसं केलं असं कुणाला वाटायला नको. हे आमच्याकडे आईकडून आलंय. गॅसचा सिलिंडर आला की ती आणणाऱ्याला उभा करून सील दोनदा बघते, आणि तो गेल्यावर म्हणते, "काहीतरी केलंच असणार, आपल्याला सापडलं नाही एवढंच." त्यात मी वाढले भिंगारला, लष्कराच्या भिंतीला लागून. ओळखपत्र दाखवल्याशिवाय कुणी कुणाला आत सोडत नाही, हे लहानपणापासून बघितलेलं. असा हा माल डेअरीच्या डिग्रीचं शेवटचं वर्ष काढायला श्रीरामपूरजवळच्या एका डेअरीत जाऊन पडला.

आमच्या कॉलेजचा नियम असा की शेवटचं वर्षभर डेअरीत काम करायचं, दर महिन्याला लॉगबुकवर सही घ्यायची आणि शेवटी मॅनेजरचं पत्र आणायचं. पत्र चांगलं नसेल तर वर्ष पुन्हा. आमच्या घरात वर्ष पुन्हा करायची सोय नव्हती. एसटीत बसवताना आईने एवढंच बजावलं, "दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन येऊ नको."

मला डॉकवर उभं केलं. डॉक म्हणजे गावोगावच्या दुधाचे कॅन टेम्पोतून उतरतात तो ओटा. सकाळी सातपासून रांग लागायची. तिथे एक काका होते, साठीला टेकलेले, आयुष्य त्याच ओट्यावर गेलेलं. कॅन आला की त्याचं झाकण काढायचं आणि वास घ्यायचा, दुधाचा नाही, झाकणाचा. रात्रभराचा वास झाकणात साठतो. चांगला असेल तर कॅन आत, नसेल तर परत. संपूर्ण डेअरीचं दूध त्या एका नाकावर आत यायचं.

पहिल्याच दिवशी काकांनी झाकण काढलं, स्वतःच्या नाकाशी धरलं आणि मग माझ्यापुढे केलं. "तुमी सांगा, मॅडम."

मी म्हटलं, चांगलं आहे. त्यांनी रजिस्टरमध्ये ओके लिहून स्वतःची सही केली. पुढच्या कॅनला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. शिकवतायत म्हणून मी खूष. एकदा मी एक कॅन आंबट म्हणून बाजूला काढला. काकांनी त्यातलं दूध काचेच्या नळीत घेऊन उकळलं. ते फाटलं नाही. मग म्हणाले, "हे गाव मुरघास घालतंय गायांना, खड्ड्यात दाबून मुरवलेला हिरवा चारा. मुरघासाचा वास वर कपाळाकडं जातो बघा. आंबट असंल तर खाली घशात उतरतं. परत घ्या." मी परत घेतला. वास सरळ कपाळात गेला. असं कुठल्या पुस्तकात नव्हतं.

पण दोन महिने झाले, तीन झाले, तरी "तुमी सांगा, मॅडम" काही थांबेना. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. शिकवायचं ते शिकवून झालं होतं. आता हा माणूस मला प्रत्येक कॅनला का विचारतोय? स्वतः आधी कधीच बोलत नाही. झाकण नाकाशी धरतो, बराच वेळ धरून ठेवतो आणि पुन्हा माझ्याचकडे. आणि हे मॅडम कशासाठी? माझ्या बापापेक्षा मोठा माणूस. बाकीचे सगळे मला सरळ पोरी म्हणायचे.

त्यातच मी दोन दिवस सुट्टी घेऊन घरी जाऊन आले. आल्यावर एका टेम्पोवाल्याने मला धरलं. "ताई, तुमी नसल्या का काका लई टाइम लावत्यात. एकूणएक कॅनची नळी उकाळत्यात. दुपार झाली आमाला."

झालं, मला पुरावा मिळाला. मी नसले की हा गडी नळी उकळून स्वतःला सांभाळून घेतो, आणि मी असले की माझ्या नाकावर सगळं ढकलतो. उद्या एखादा टँकर नासला की हात वर करायला मोकळा, मॅडमनी पास केलं होतं म्हणून. ट्रेनीच्या गळ्यात घोंगडं टाकायचं, दुसरं काय? माझं पत्र गेलं, वर्ष गेलं आणि याचं काहीच नाही.

त्या दिवसापासून मी लॉगबुकच्या मागच्या पानांवर लिहायला लागले. तारीख, कॅनचा नंबर, काकांनी विचारलं, मी काय सांगितलं, सही कुणाची, त्या दिवशीच्या दुधाची आतून काही तक्रार आली का. रोज. एकदा त्यांनी बघितलं. "लिवा लिवा," म्हणाले, "लिवलेलं बरं असतंय." मला ती धमकी वाटली. ते रोज त्यांच्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मला द्यायचे. याला माझ्याकडून काय हवंय, असा विचार करत मी ती खायची. चटणी फार चांगली असायची, खोटं कशाला बोलू.

अकराव्या महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, टाकीतलं दूध नासलं. एक अख्खी टाकी. सकाळी नऊला मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि माझ्या पाचावर धारण बसली. मला वाटलं, काकांनी आपलं काम केलं. साहेबांनी तोंड उघडायच्या आत मी लॉगबुक उलटं करून त्यांच्यापुढे ठेवलं. "सर, सही त्यांची असते, पण वास मला घ्यायला लावतात. एकूणएक कॅनचा. सगळं लिहिलंय."

साहेबांनी पानं चाळली. बराच वेळ चाळली. मग काकांना बोलावून घेतलं आणि दोन झाकणं मागवली, एक धुतलेलं आणि एक त्या नासलेल्या दुधात बुडवून पुसलेलं. मला खुर्चीवर बसून त्या दुसऱ्याचा वास येत होता.

"यातलं खराब कुठलं?"

काकांनी एक उचललं, नाकाशी धरलं. दुसरं उचललं, तेही धरलं. आणि मग सवयीने ते माझ्यापुढे केलं.

"तिला नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही सांगा."

काकांनी दोन्ही झाकणं टेबलावर ठेवली. "कळत न्हाई, साहेब. त्या साथीत ताप आल्ता ना, तवापासून वासच येत न्हाई. दूध काय अन् पानी काय, सारखंच." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडमचा काही दोष न्हाई यात. त्येंचं नाक लई चांगलं हाय. मी त्येंच्याच जिवावर करीत हुतो."

त्याच दिवशी त्यांना डॉकवरून काढून कॅन धुण्याच्या शेडमध्ये पाठवलं. रिटायर व्हायला त्यांना दीड वर्ष राहिलं होतं. तीन दिवसांनी कळलं की दूध डॉकवर चांगलंच आलं होतं. टाकी गार ठेवणारा पंप बंद पडला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण तोवर काकांचं सगळ्या डेअरीला माहीत झालेलं. ज्याला वास येत नाही त्याला पुन्हा डॉकवर कोण उभं करणार? साहेबांचं तसं चूक नव्हतं, आणि हेच मला जास्त लागतं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बघ, तुला वाटतच होतं ना, कुठंतरी पाणी मुरतंय म्हणून." मी फोन ठेवून दिला. मला तिचा राग आला, माझा आला आणि काकांचाही आला. त्यांनी एका शब्दाने तरी सांगायचं होतं मला. पण सांगितलं असतं तर मी गप्प बसले असते का? नसते. त्यातही मी काहीतरी शोधून काढलं असतं.

शेवटचा महिना डॉकवर मी एकटीच होते. पत्र उत्तम आलं. सूक्ष्म निरीक्षण, जबाबदारीची जाणीव, असं बरंच काही त्यात होतं. ते बॅगेत घालून मी निघायच्या दिवशी शेडमध्ये गेले. आत वाफ भरलेली. काका गमबूट घालून कॅन उपडे करत होते. मी माफी मागायला गेले होते. तोंडातून निघालं फक्त, "काका, येते मी."

"या," ते म्हणाले. मग हात पुसत जवळ आले. "एक इचारायचं हुतं. तुमी रोजचं लिवून ठिवलं हुतं म्हनं. त्यात वरीसभरात आपला एखादा कॅन चुकला का? खराब माल आत गेला, असा?"

मी उभ्या उभ्या लॉगबुक काढलं. मागची पानं सगळी बघितली. एवढे महिने मी ती लिहीत होते, पण हे बघायला कधी उघडली नव्हती.

"नाही, काका."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही."

"मंग तेवढं बी सांगायचं हुतं की साहेबांना," ते म्हणाले आणि त्यांनी पुढचा कॅन ओढला.