हैबतीच्या झोपेचं गाणं

भातलावणीत नवरा, हैबती, बांधावर झोपला म्हणून पोलादपूरच्या साळूबाईनं त्याच्यावर गाणं रचलं होतं. चौतीस सालापर्यंत ते खोरंभर पसरलं आणि बिघडलं. महाडात हैबती दारू प्यायला लागला. मुंबईच्या चाकरमान्यांनी तर पेटीच्या सुरावर त्याला दुसरी बायको करून दिली.

त्यात शिवथरची मंडळी साळूबाईच्या लेकीला बघायला आली. मुलाच्या आईनं पाणी पिण्याआधीच विचारलं, “गाण्यातला हैबती तो ह्योच काय?”

“ह्योच. पन दारू नाय नि सवत नाय, नुसता झोपतो,” म्हणत वैतागलेल्या साळूबाईनं मूळ गाणं म्हणून दाखवलं.

“यात सवतीचं कडवं नाय गो,” बाई हळहळली. “त्येच तर गोड हाय.”

“सोयरीक करायची तर ते कडवं सोडा.”

बाईनं बराच वेळ विचार केला आणि नाइलाजानं होकार दिला.