आधी पळू द्या

फिजिक्सच्या आमच्या सरांची स्कूटर किक मारून सुरू झालेली मी तरी कधी पाहिली नाही. तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं हट्टी माणूस, जे गाडी बदलत नाही. कॉलेज सुटलं की सर गेटपाशी हँडल धरून उभे राहायचे आणि दिसेल त्याला म्हणायचे, "ढकला की वाईच. आधी पळू द्या तिला, मग घेईल श्वास."

हेच वाक्य वर्गातही. मी मराठी शिकवायचे, माझा तास शेजारच्या खोलीत असायचा, म्हणून रॅमजेट इंजिन मला फुकटात शिकायला मिळालं. साध्या जेटमध्ये पंखे फिरून हवा आत ओढतात आणि दाबतात. रॅमजेटमध्ये पंखाच नाही, नुसती नळी. ती इतक्या वेगानं पुढं जाते, की समोरची हवा आपोआप आत कोंबली जाते, दाबली जाते, तापते. त्यात इंधन पडलं, की जळून मागून सुसाट बाहेर.

"पण जागेवर हुबं असंल तर?" सर गरजायचे. "नुसतं लोखंड! म्हणून आधी रॉकेट त्याला पळवतं. वेग धरला, की रॉकेटचं काम सरलं."

माझे यजमान अचानक गेले, तेव्हा मी घराबाहेर पडणंच सोडलं. नोकरी सोडायचीही ठरवली होती. लोक यायचे, "धीर धरा" म्हणायचे, चहा पिऊन जायचे. धीर काय दुकानात मिळतो?

एका सकाळी दारात सर. आतसुद्धा आले नाहीत.

"म्याडम, स्कूटर बंद पडलीया. ढकलायला कुणी न्हाय हितं."

मला संतापच आला. दुःखाच्या घरी येऊन कुणी असं बोलतं? म्हटलं, "मला नाही जमायचं, सर."

"जमतंय की. बरं वाटल्यावर चालीन म्हणाल, तर कधीच न्हाय चालणार."

रागारागात पदर खोचला आणि ढकलली. गल्लीच्या टोकाला स्कूटर फुरफुरली, तेव्हा मला धाप लागली होती. किती दिवसांनी छातीभर हवा आत गेली!

"बसा मागं," सर म्हणाले. "तास हाय तुमचा."

त्या दिवशी कविता शिकवताना मी रडले, पण तास पुरा केला.

पुढं महिनाभर ती स्कूटर रोज माझ्याच दारात बंद पडायची. मग एक दिवस आलीच नाही. वाट बघून मी रिक्षा केली. सर स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "आलात व्हय?"

गेल्या महिन्यात सर गेले. भवानी पेठेतल्या त्यांच्या घरासमोर शववाहिका उभी होती. आमच्याकडे बायका दारातच थांबतात. मीही सरांच्या बायकोचा, वहिनींचा हात धरून थांबले होते. ड्रायव्हरनं चावी फिरवली. गाडी नुसती खोकली. पुन्हा फिरवली. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

वहिनींनीच माझा हात सोडला. "जावा," त्या म्हणाल्या, "तुमाला सवय हाय."

मी पदर खोचला आणि गाडीला मागून हात लावला. मग पुरुषही धावले. गल्लीच्या टोकाला इंजिन सुरू झालं, गाडी हातातून सुटली आणि सरांना घेऊन निघून गेली.

मी धापा टाकत रस्त्यातच उभी राहिले. "बसा मागं" म्हणणारं आता कुणी नव्हतं.