सही एक ते दोनची

"चरून झालं का?"

वहिनींनी हे भर दुकानात, मोठ्याने विचारलं. मी पोटमाळ्याच्या जिन्याखाली, पोछ्याच्या बादलीशेजारी उकिडवी बसले होते. सकाळी दहापासून उभी. दुपारचे सव्वातीन वाजलेले. डब्यात तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ, दुसराच घास तोंडात. मालकाच्या बायकोला आम्ही सगळ्या वहिनी म्हणायचो. त्यांनीच म्हणायला लावलं होतं. आपण घरची माणसं ना.

साड्या बघायला आलेल्या बाईने ते ऐकलं आणि फोनमध्ये डोकं घातलं. गुरं चरतात. मी माणूस आहे, एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून फुटलं नाही. घास न चावताच गिळला आणि म्हणाले, "आले वहिनी." हसून म्हणाले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

घाटकोपरच्या त्या साडीच्या दुकानात आम्ही सहाजणी. सकाळी आल्याआल्या हजेरीच्या वहीत दोन सह्या करायच्या. एक आल्याची. दुसरी, 'जेवणाची सुट्टी एक ते दोन, घेतली' याची. म्हणजे सकाळी दहालाच आमचं दुपारचं जेवण उरकलेलं. तपासणीला कोणी आलंच तर वही एकदम साफ. आठ वर्षं मी अशी कागदावर जेवत आले.

दुसऱ्या दिवशी मी आल्याची सही केली आणि पेन खाली ठेवलं.

"दुसरी कोण करणार?" वहिनींनी विचारलं.

"जेवले की करीन."

"नाटकं नकोत हां. घरच्यासारखं वागवलं तर डोक्यावर बसता."

"तुम्ही घरी किती वाजता जेवता, मॅडम?"

मॅडम ऐकून तिने वही माझ्याकडे सरकवली. आठ वर्षांत पहिल्यांदाच मी तिला नात्यातून काढलं होतं. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. नोकरी गेली तर पोरीचं कॉलेज अडणार होतं. तरी सही केली नाही.

एक वाजता डबा घेतला आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले. त्या खुर्च्यांत आम्ही कधीच बसायचं नाही, असा नियम.

"ऊठ," ती म्हणाली.

मी भाकरी मोडली. सावकाश चावून खाल्ली. दोन वाजता उठले.

अजून मला काढलेलं नाही. काढतील. त्या दिवशी मी सरळ कामगार कार्यालयात जाईन आणि सांगेन, त्या वहीतल्या माझ्या आठ वर्षांच्या जेवणाच्या सह्या खोट्या आहेत. त्या मीच केल्यात. आता खोटी एकही करणार नाही.