आईच्या उंचीची बाग
तापलेल्या जांभ्यावर पाणी पडलं की जो वास येतो, त्या वासानं मला रत्नागिरीच्या घरचा एक रविवार आठवतो. आईचे गुडघे धरले होते, वाकून झाडांना पाणी घालणं तिला जमेना, म्हणून बाबांनी जांभ्याचे चिरे आणवले. मागीलदारी आईला उभं करून ते चिऱ्यावर चिरा रचत, वर कुंडी ठेवत आणि विचारत, "बघ गो, पोचतो का हात?" आई हसत पानांना हात लावून बघायची. पुढे अबोली, मागे मोगरा, कोपऱ्यात गवती चहा, अशी ती एवढीशी बाग संध्याकाळपर्यंत सुरेख सजली. "तुम्हाला मात्र वाकावं लागेल हो," आई म्हणाली. बाबा चांगलेच उंच. "मी कशाला घालतोय पाणी? बाग तुझी," ते म्हणाले. आई गेल्यानंतर, परवा घरी गेलो, तर बाबा एक हात कमरेवर ठेवून, वाकून त्याच कुंड्यांना पाणी घालत होते. कुंडीखाली सरकवायला मी आणखी एक चिरा उचलला. बाबांनी तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "नको रे. तिचा हात पोचायचा नाही."