वरची बांगडी

भंडारा जिल्ह्यात जिचा हात त्या बांगडीवाल्या मावशीच्या हातात कधी गेला नाही अशी एकच बाई होती, आणि ती म्हणजे मी. गोंदिया वेगळा झाल्यावर जिल्हा निम्माच उरला होता हे कबूल. पण उरलेला निम्मा तिनं मनगटागणिक पाठ केला होता. मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून नवीनच लागले होते. नागपूरला दोन वर्षं घासून समाजकार्याची पदवी मिळवलेली. भिंतीवर चार पोस्टरं, टेबलाच्या खणात निरोधच्या प्रात्यक्षिकाचा लाकडी नमुना (तो बाहेर काढला की समोरचा माणूस पंख्याकडे बघायला लागे), आणि समोर दोन खुर्च्या. एका खुर्चीवर दवाखान्याचं मांजर झोपायचं. दुसरी रिकामी. आणि ही शाळेचं तोंड न पाहिलेली बाई कुणाच्याही ओसरीत टोपली टेकवायची, आणि दहा मिनिटांत त्या घरातली सून तिला असं काही सांगून मोकळी व्हायची, जे मी छापील फॉर्म पुढे ठेवून गोडगोड विचारलं तरी मला सांगत नसे. जळफळाट व्हायचा माझा! खोटं कशाला बोलू?

मावशी कोंढ्याची. उंची बेताची, आवाज मात्र तलावाच्या पाळीवरून पलीकडे ऐकू जाईल असा. माणसांची नावं तिला आठवत नसत, बांगडीची मापं आठवत. "ते सव्वादोन कशी आहे वो? अन् तिची सासू, पावणेतीन?" असं ती विचारायची, आणि मी रजिस्टर चाळत बसायची. एकदा हात धरला की बांगड्या भरून झाल्या तरी सोडायची नाही. जिला बांगड्या भरायच्याच नसत, नवरा गेलेला असे, तिचाही हात धरायची; म्हणायची, "माप त घेऊ दे." त्या बायकांना कितीक दिवसांत कुणी शिवलेलंसुद्धा नसायचं. एड्सबद्दल तिला जे काही ठाऊक होतं ते माझंच होतं, हे सांगितलं पाहिजे. आठवडी बाजारात मी माईकवर चाळीस मिनिटं भाषण दिलं, तेव्हा ती मागे टोपली मांडून बसली होती. पुढच्या आठवड्यात तेच भाषण ती एका दमात करताना मी कानांनी ऐकलं. "सुईनं होते, रक्तानं होते, नवऱ्याबायकोच्या संगतीनं होते, मायपासून लेकराले होते. संग जेवल्यानं नाई, हात धरल्यानं त नाईच नाई. पाह्य, हात धरला न मी तुहा?" टोपलीत बांगड्यांच्या खाली निरोधची पाकिटं असत. ती बायकांच्या ओच्यात टाकताना म्हणायची, "घे बापा, बांगडीले माप लागते, याले लागत नाई." बायका तोंडाला पदर लावून खिदळायच्या. माझ्या भाषणात कुणी हसल्याचं मला स्मरत नाही.

पण खरा कहर केला तो वरच्या बांगडीनं. बांगड्या भरून झाल्या की एक बांगडी वरून फुकट घालायची, ही बांगडीवाल्यांची जुनीच रीत. मावशीनं ती अडवून धरायला सुरुवात केली. "वरची नंतर. आधी दवाखान्यातल्या म्याडमकडून रक्त तपासून ये." आणि काय सांगू, बायका यायला लागल्या! मांजराला खुर्ची सोडावी लागली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी तणतणत बाजारात गेले. "मावशी, आमच्या कामात गोपनीयता असते. उद्या जिच्या हातात वरची बांगडी दिसेल तिनं तपासणी केली हे गावभर कळेल!" तिनं मान तिरपी केली. "मंग साऱ्यायले पाठवतो न. साऱ्या गावानं घातली, त कोन कोनाले पाहाले बसते?" आणि तिनं खरोखर सगळ्यांना पाठवलं. साठी उलटलेल्या सासवा केंद्रात येऊन दंड पुढे करू लागल्या. "काहून आल्या आजी?" विचारलं तर म्हणायच्या, "सुनेले वरची देते अन् मले काहून नाई देत ते?" जिल्ह्याच्या बैठकीत माझी पाठ थोपटली गेली, आणि मी मावशीचं नावसुद्धा घेतलं नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मग दिघोरीकडच्या एका गावातली ती पोरगी आली. नाव सांगणार नाही, तो आमच्या धंद्याचा नियम. विशी-बाविशीची, पहिलटकरीण, तपासणीत एचआयव्ही निघाला. मी तिला सगळं नीट समजावलं होतं. बाळंतपण दवाखान्यातच कर, कळा सुरू झाल्या की तुला गोळी देऊ, बाळाला जन्मल्यावर औषध देऊ, म्हणजे बाळ वाचण्याची पुष्कळ आशा आहे. ती प्रत्येक वाक्याला "हो म्याडम" म्हणाली आणि घरी गेली ती गेलीच. सातवा महिना लागला तरी पत्ता नाही. घरीच सुईणीच्या हातून बाळंत झाली तर त्या बाळाचं काय, हा विचार डोक्यातून जाईना. शेवटी मी वरून जीप मागवली आणि थेट तिच्या अंगणात नेऊन उभी केली. मी उतरले, अंगणात गर्दी जमली, आणि गर्दी माझ्याकडे न बघता जीपकडे बघते आहे हे लक्षात आल्यावर मीही वळून पाहिलं. जीपच्या दोन्ही अंगांना तांबड्या हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'एड्स नियंत्रण'. गोपनीयतेवर भाषणं झोडणारी मी! सासू दारात आडवी उभी राहिली. "आमच्या घरी कोनी बिमार नाई. जा आपल्या वाटेनं." दार लागलं. परतीच्या वाटेवर मी ड्रायव्हरदेखत रडले.

तिसऱ्या दिवशी, नाक मुठीत धरून, मी बाजारात मावशीपुढे जाऊन उभी राहिले. सांगणार काय? नाव घ्यायची सोय नाही, गाव सांगायची सोय नाही. ती बांगड्या पुसत म्हणाली, "दिघोरीकडची सव्वादोन न? मले मालूम आहे. तिनंच सांगतलं, रडून रडून. घरी कळन म्हनून भेते ते." माझ्यासमोर ती पोरगी तासभर बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. "रडून रायल्या काय म्याडम? आता एक करा. ते जीप पुन्हा न्या, अन् गावातल्या साऱ्या घरासमोर उभी करा. पयले सरपंचाच्या." मी वेडी म्हटलं तिला, मनातल्या मनात. पण नेली. सरपंचाच्या दारात, पाटलाच्या दारात, पुजाऱ्याच्या दारात, प्रत्येक घरी उतरून ताप-खोकल्याची चौकशी केली, तपासणीची माहिती दिली. दिवस कलेपर्यंत, ज्यांच्या दारात जीप थांबली नाही ती दोन घरं माझ्यावर रुसून बसली होती. त्यानंतर मावशी सातव्या महिन्याच्या हिरव्या बांगड्या घेऊन त्या घरी गेली. गर्भारशीच्या दारातून बांगडीवालीला माघारी लावायची कुणाची छाती नसते. तिनं पोरीचा हात नंतर धरला. आधी सासूचा धरला, आणि चांगला तासभर धरून बसली. आजाराचं अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाली, "पयलं लेकरू आहे, दवाखान्यातच करा. अन् वरची बांगडी बाळंतीन घरी आल्यावर. दोघीलेही."

कळा सुरू झाल्या तशी सासू स्वतः तिला बैलगाडीत घालून घेऊन आली. गोळी वेळेवर गेली, बाळालाही औषध मिळालं. पोरीची स्वतःची औषधं पुढे सुरू झाली, तिनं सांगितल्यावर नवराही मान खाली घालून का होईना रांगेत उभा राहायला लागला. दीड वर्षानं बाळाची शेवटची तपासणी केली आणि ते निरोगी निघालं. निकाल मी सांगितला, मी! पोरगी खुर्चीतून उठली, लेकरू काखेत मारलं आणि म्हणाली, "मावशीले सांगाले पायजे!" आणि पळाली. मी खुर्चीकडे बघत बसले. इतका आनंद आणि इतका मत्सर एकाच छातीत कसा मावतो, देव जाणे.

मावशी मला नेहमी चिडवायची, "म्याडम, एकदा हात त द्या! नुसतं घड्याळ बांधून फिरून रायल्या." मी टाळायची. तिच्या हातात हात गेला की आतलं सगळं बाहेर येतं हे मला ठाऊक होतं, आणि माझ्या आत काय होतं तेही. मग एका वर्षी बाजारात तिची टोपली दिसेना. कोंढ्याला गेले तर ती ओसरीत बसलेली, दोन्ही हात थरथरत होते. बांगडी भरायला घेतली की काच पिचायची, म्हणून धंदा सोडला होता. "आता त द्या," ती म्हणाली. मी घड्याळ काढलं आणि हात दिला. तीन बांगड्या पिचून वाढल्या, चौथी चढली. पाचवी चढताना माझ्याच तोंडून निघालं, "मावशी, मला तुमचा फार हेवा वाटायचा हो. बैठकीत तुमचं नावसुद्धा घेतलं नाही मी." तिनं मान वर केली नाही. "मालूम आहे," म्हणाली, "पन तुमी होत्या म्हनून मी पाठवत होती न! नाईतं कोनाकडे पाठवली असती?" मी तिचे थरथरणारे हात माझ्या हातांत घट्ट धरले. उठताना हसून म्हणाले, "आणि वरची?" तीही हसली. "वरची नंतर. पुन्हा याल तेव्हा."

जाऊ जाऊ म्हणत माझे महिने गेले, आणि मी गेले तेव्हा घराला कुलूप होतं. मावशी दिवाळीच्या आधीच गेल्याचं शेजारणीनं सांगितलं. अलीकडे केंद्रात कुणी बाई आली की मी फॉर्म बाजूला ठेवते आणि आधी तिचा हात हातात घेते. माप अजून मला नीट कळत नाही. माझ्या डाव्या हातात एक बांगडी कमी आहे.