सकाळचं लोखंड

फर्नेसवाले अण्णा हातात रिपोर्ट आल्याशिवाय भट्टीतलं थेंबभर लोखंड ओतू देत नसत. कागल एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत ते भट्टीचे फोरमन होते आणि मी प्रयोगशाळेत. लोखंड वितळलं की त्याचा पळीभर नमुना माझ्याकडे यायचा, मी कार्बन आणि सिलिकॉनचे आकडे लिहून द्यायचो आणि मग ओतकाम सुरू व्हायचं. हा नियम सगळ्याच फाउंड्रींत असतो. घाईच्या दिवशी बरेच जण तो बाजूला ठेवतात. अण्णांनी तो बाजूला ठेवलेला मी नऊ वर्षांत पाहिला नाही.

एकदा तपासणीचं यंत्र बिघडलं. साचे तयार होते, ट्रक दारात उभा होता. मॅनेजर म्हणाले, "स्क्रॅप तेच, माल तोच. सकाळचा रिपोर्ट आहे ना? त्यावर ओता." अण्णा स्टुलावरून उठले नाहीत. म्हणाले, "साहेब, ते सकाळचं लोखंड. ह्ये दुपारचं. ह्याची मला काय म्हाईती न्हाय." यंत्र दुरुस्त होईपर्यंत दीड तास भट्टी तशीच धरून ठेवली. अण्णा आता निवृत्त झाले आहेत, पण ते वाक्य कारखान्यात राहिलं. कुणी शिळी चपाती पुढे केली तरी दुसरा म्हणतो, "सकाळचं लोखंड नको."

अण्णा जैन शेतकरी कुटुंबातले. सूर्यास्तानंतर जेवत नसत. दुसऱ्या पाळीला दिवस मावळायच्या आत ते भट्टीपासून दहा पावलांवर डबा उघडायचे आणि तेवढा वेळ कुणी हाक मारली तरी मान वर करायचे नाहीत. भट्टीच्या आवाजाने कान अधू झाले होते, म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचो. त्या घरातली बातमी मला आणि गल्लीला एकाच वेळी कळायची.

कोरोनाच्या पहिल्या लाटेत अण्णा सोळा दिवस दवाखान्यात होते, त्यातले सहा ऑक्सिजनवर. बरे झाल्यावर त्यांनी रक्तातल्या अँटिबॉडी तपासून घेतल्या. आकडा भरपूर आला. तो कागद त्यांनी लॅमिनेट करून घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवू लागले. पुढे लस आली, कारखान्यात शिबिर भरलं. सिस्टरनी नाव विचारलं, तर अण्णांनी कागद पुढे केला.

"काका, हा जपून ठेवा. पण बाही वर करा."

"जपूनच ठेवलाय की. लस कशापायी देता? रोगाची वळख करून द्यायला. माझी तर सोयरीक झालीया त्येच्यासंगं."

रांगेत हशा पिकला. भट्टीवरचे जे चार-पाच जण त्या आजारातून उठले होते, तेही अण्णांच्या मागोमाग रांगेबाहेर पडले. एकदा होऊन गेलंय, आता कशाला, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. आमच्याकडे त्या म्हणण्यावर फोरमनचा शिक्का बसला.

सुनंदा ही अण्णांची एकुलती मुलगी, सांगलीला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे ठरलेलंच होतं. अण्णांनी पुढची खोली रंगवून घेतली, खिडकीला डासांची जाळी बसवली. सुनंदाला सातवा महिना होता तेव्हा एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. अण्णा अंगणात दाढी करत होते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. काकूंचे दोन्ही डोस केव्हाच झाले होते.

"अण्णा, डॉक्टरीणबाई विचारत्यात, घरात सगळ्यांचं डोस झाल्यात का?"

"तुझ्या आईचं झाल्यात. माझ्याकडं रिपोर्ट हाय."

"कधीचा?"

"दिवाळीतला."

"मग ते सकाळचं लोखंड झालं, अण्णा."

काकूंचा हात सुपात थांबला. अण्णांच्या एका गालावर साबण तसाच होता.

"ह्ये कुणी शिकवलं तुला?"

"जेवताना दुसरं काय ऐकलंय आम्ही? तुमचं डोस झाल्याबिगर मी यायची न्हाय. बाळंतपण हितंच करतो म्हणत्यात सासूबाई."

फोन बंद झाला. काकू पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. म्हणाल्या, "खोली रंगवून बसलायसा. द्या आता भाड्यानं."

सोमवारी अण्णा प्रयोगशाळेत आले. लॅमिनेट केलेला कागद टेबलावर ठेवून विचारलं, "ह्यो आकडा किती दिवस टिकतो?"

मी सांगितलं, हळूहळू उतरतो. कुणाचा किती, हे सांगता येत नाही.

"म्हंजे आज किती हाय, तुमास्नी बी ठावं न्हाय."

"नाही."

"मग ओतायचं कशाच्या जोरावर?" असं म्हणून ते उठले. दुपारी केंद्रावर जाऊन त्यांनी लस घेतली. आजारातून उठलेले भट्टीवरचे ते चार-पाच जणही रांगेत होते. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं. अण्णांनी फक्त आपण किती वाजता निघणार ते सांगितलं होतं.

दुसरा डोस चौऱ्याऐंशी दिवसांनी होता. सुनंदा महिनाभरात येणार होती. तिने फोनवर सांगितलं, एक झालाय, तेवढं पुरे. अण्णांना ते पटलं नाही. "आर्ध्या रिपोर्टवर मी कधी ओतलंय व्हय?" ती आली त्या सकाळी त्यांनी आपलं अंथरूण वर माझ्या खोलीत आणलं आणि दोन महिने तिथेच राहिले. पाळी संपली की अंगणातल्या नळावर अंघोळ करायची आणि बाहेरच्या जिन्याने वर यायचं. काकू डबा पायरीवर ठेवायच्या. बाप जिन्याच्या वरच्या टोकाला आणि लेक खाली अंगणात, असं त्यांचं बोलणं चालायचं. दोघांचेही आवाज मोठे होते.

मुलगी झाली. दवाखान्यात अण्णा आवारातच मोटरसायकलपाशी उभे राहिले, काकूंनी नात खिडकीतून दाखवली. घरी आल्यावर बाळाला सकाळच्या उन्हात तेल लावत, तेव्हा ते जिन्यावर येऊन बसायचे. मी एकदा म्हटलं, लांबून बघणं अवघड जात असेल. म्हणाले, "चूक माझीच की. शिबिर कारखान्यात आलतं, तवाच घ्यायचं. उशीर झाला तर थांबायचं, त्यात काय?" चेहऱ्यावर तक्रार नव्हती. चहा संपेपर्यंत ते बाळाकडे बघत राहिले.

दुसरा डोस झाला. त्यावर त्यांनी चौदा दिवस मोजले. पंधराव्या सकाळी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते खाली गेले आणि रंगवलेल्या खोलीत कॉटवर बसले. सुनंदाने पाच आठवड्यांची नात त्यांच्या दोन्ही तळव्यांवर ठेवली. अण्णांनी ती किंचित वर उचलली, पुन्हा खाली घेतली.

"चार किलो सहाशे," अण्णा म्हणाले.

"चार दोनशे," काकू म्हणाल्या. "परवाच काट्यावर घातलीया."

अण्णांनी नातीवरची नजर हलवली नाही. म्हणाले, "काटा तपासून घ्या."